विंडोज १० गेलं, आंबा यायचाय: बागेत, वाशीला आणि ठाण्याला फिरणाऱ्या लॅपटॉपांचं काय करू?

खळ्यावरचा_हिशेबनीस (देवगड तालुका)
१७ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी.

देवगड तालुक्यातल्या एका आंबा-काजूच्या पेढीत मी हिशेब बघतो. कॉम्प्युटर हा माझा विषय नव्हे. २००४ साली डॉट मॅट्रिक्सची रिबन मला बदलता आली, तेव्हापासून ऑफिसात जे जे विजेवर चालतं ते सगळं माझ्या गळ्यात आहे. परवा काजूच्या ड्रायरचा थर्मोस्टॅटसुद्धा माझ्याच टेबलावर आणून ठेवला होता. तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. आमच्या अण्णांचं (मालक) यावर म्हणणं एवढंच, ‘‘चालतंय ना? मग संपलं काय?’’ त्यांचंही खरं आहे. पंधरा तारखेला सकाळी सगळी मशीन नेहमीसारखी सुरू झाली. सुरक्षेची ठिगळं यायची थांबली, हे डोळ्यांना दिसत नाही.

आमचा पसारा असा. ऑफिसात अकरा डेस्कटॉप: तीन दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे, चार सातव्या पिढीचे आय-५ (२०१७ ला जीएसटी आला तेव्हा घेतलेले), तीन चौथ्या पिढीचे, आणि काट्याच्या खोलीत एक म्हातारा, ३२ बिटी विंडोज ७ वर. या म्हाताऱ्यावर डॉसमधला फॉक्सप्रोचा प्रोग्राम आहे. बागायतदारांची उचल, पेट्या, वाशीच्या दलालाची पट्टी, सगळं १९९८ पासूनचं त्यात. ज्यांनी तो लिहिला ते गृहस्थ आता नाहीत.

बाहेर फिरणारे लॅपटॉप पाच. दोन खरेदीच्या मुलांकडे, ते सीझनभर बागांत आणि मांगरात (बागेतल्या खोपटात) असतात. एक वाशीला. एक ठाण्याला वहिनींकडे, अण्णांच्या सुनेकडे. घरपोच पेट्यांच्या ऑर्डरी त्या तिथून बघतात. पाचवा अण्णांचा, तो कुठे असतो ते अण्णांनाही सांगता येत नाही. सगळे आठव्या किंवा अकराव्या पिढीचे. तिघांवर प्रो आहे, दोघांवर होम.

आता मूळ दुखणं. गणपती झाल्यावर आमचा एक मुलगा मुंबईहून रातराणीने परत येत होता. कणकवलीला पहाटे उतरून देवगडची गाडी पकडली आणि लॅपटॉपची बॅग राहिली मागे. कंडक्टर देवमाणूस, त्याने बॅग डेपोत जमा केली; दुपारपर्यंत आमच्या हातात. मी सुटकेचा श्वास सोडला आणि सहज म्हणून लॅपटॉप कणकवलीतल्याच एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला दाखवला, कोणी उघडला तर नसेल ना म्हणून. त्याने मागचे स्क्रू काढले, एसएसडी बाहेर घेतली, एका डबीत घालून आपल्या मशीनला लावली. चहा यायच्या आत पडद्यावर एकशे ऐंशी बागायतदारांचे आधार, पासबुकांचे फोटो, सातबारे, आणि यंदा कोणाला काय भाव द्यायचा त्याची अण्णांची खाजगी यादी.

मी म्हटलं, पासवर्ड होता की त्याला!

तो म्हणाला, ‘‘पासवर्ड दाराक होतो. मी मागची भिंत काढलंय.’’

तेव्हापासून झोप नीट नाही. शिवाय ठाण्याहून वहिनींना ऑफिसच्या मशीनवर काम करता यावं म्हणून गेल्या वर्षी इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी (न बदलणारा पत्ता) घेतला आणि राउटरमध्ये ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून दिलं. कसं उघडायचं ते व्हिडिओ बघून शिकलो, अभिमानही वाटला होता.

अण्णांचं बजेट: दोन लाखांच्या वर एक पैसा नाही. मुदत: फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळं जागच्या जागी. पहिली पेटी निघाली की मेअखेरीपर्यंत मी कोणत्याही मशीनला हात लावणार नाही, लावू देणारही नाही. सोळाच्या सोळा मशीन विंडोज ११ वर न्यायची का? दोन लाखांत बसवायचं कसं? आणि फॉक्सप्रो?

---

सडा_आणि_सर्व्हर (रत्नागिरी)
१७ नोव्हेंबर, रात्री १०.२५

बाकीचं उद्या वाचा. आधी उठा आणि ते ३३८९ बंद करा. आत्ता.

ते रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे दुरून मशीन चालवायचं, पोर्ट आहे, जगाला माहीत असलेलं. रोज यंत्रं लावून इंटरनेटवरचे सगळे पत्ते ठोठावत जातात, त्यांना देवगड काय आणि डेन्मार्क काय. २०१९ च्या मे महिन्यात याच सेवेतलं ब्लूकीप नावाचं भोक उघड झालं. पासवर्डसुद्धा न लागता आत शिरता येत होतं, आणि तुमच्या काट्याच्या खोलीतलं विंडोज ७ त्या यादीत होतं. ते ठिगळ त्याच्यावर घातलंय का? बंद केल्यावर ज्या मशीनकडे ते पोर्ट वळवलं होतं त्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीत जा, ४६२५ क्रमांक गाळून बघा. फसलेल्या लॉगिनची नोंद असते ती.

---

खळ्यावरचा_हिशेबनीस
१७ नोव्हेंबर, रात्री ११.१०

बंद केलं. पायजम्यावरच ऑफिसात गेलो, कुत्रे मागे लागले.

४६२५ बघितलं. एका रात्रीत दोन हजारांच्या वर. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, ‘टेस्ट’, ‘स्कॅनर’, ‘रिसेप्शन’ अशा नावांनी कोणीतरी दार वाजवतंय. आमच्याकडे रिसेप्शन नाही, एक बाकडं आहे. आत कोणी शिरलं नसावं, कारण ४६२४ मध्ये (यशस्वी लॉगिनच्या नोंदींत) वहिनींच्या वेळा सोडून बाहेरून काही दिसत नाही. तरी वहिनींचा पासवर्ड बदलला. उद्या त्यांचा फोन येईल.

---

सडा_आणि_सर्व्हर
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

आता शांतपणे.

तुम्ही सोळा मशीनचा एकच ढीग केलात, म्हणून तो दोन लाखांत मावत नाही. दोन ढीग करा: उंबऱ्याच्या बाहेर जाणारी आणि न जाणारी. मग तुमचीच यादी परत वाचा. बाहेर जाणारे पाचही लॅपटॉप आठव्या पिढीचे किंवा पुढचे आहेत. टीपीएम २.०, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी मदरबोर्डवरची सोय, त्यांच्यात असणारच. म्हणजे विंडोज ११ त्यांच्यावर फुकट चढेल. धोका सगळा तिथे, आणि खर्च जवळजवळ शून्य. पैसे लागणार आहेत ते जागचं न हलणाऱ्यांना, आणि तिथे घाई कमी आहे.

लॅपटॉपांवर करायचं ते असं. नुसतं विंडोज ११ घालून तुमच्या कणकवलीच्या मित्राला अडवता येणार नाही. त्याला अडवतं ते बिटलॉकर. डिस्कवरचं सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएममध्ये राहते, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर नुसता कचरा दिसतो. विंडोज ११ ला टीपीएम सक्तीचं केलंय त्यातलं मोठं कारण हेच. बिटलॉकर प्रोमध्ये आहे. होममध्ये त्याची धाकटी बहीण आहे, डिव्हाइस एन्क्रिप्शन, पण तिची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाते आणि ते खातं त्या मुलाचं खाजगी असेल तर तो नोकरी सोडून गेला की किल्लीही गेली. म्हणून ते दोन होम आधी प्रो करून घ्या. पैसे लागतील, पण ते नव्या लॅपटॉपचे नाहीत.

वहिनींसाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसपर्यंतचा कुलूपबंद खाजगी बोगदा. तुमच्याकडे स्थिर आयपी आहे म्हणजे वायरगार्ड नावाचं व्हीपीएन सरळ चालेल, ते पेलणारा लहान राउटर घ्या. बाहेरून ठोठावणाऱ्याकडे योग्य किल्ली नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, घरात कोणी आहे हेच कळत नाही. रिमोट डेस्कटॉप त्याच्या आतून वापरायचा.

न हलणाऱ्यांसाठी विंडोज १० च्या ठिगळांची पैसे देऊन मुदतवाढ मिळते. संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, आणि दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्याचेही भरावे लागतात. बातम्यांत ती फुकटची मुदतवाढ वाचली असेल, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती घरगुती वापराची आहे, पेढीच्या मशीनला धरू नका.

---

तात्पुरता_सभासद
१८ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

विंडोज सोडा, सगळीकडे लिनक्स टाका. विषय संपला.

---

खळ्यावरचा_हिशेबनीस
१८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

टॅली, डिजिटल सहीचा टोकन आणि लेबलचा प्रिंटर घेऊन तुमच्याकडे येतो, चालवून दाखवा. विषय तिथे सुरू होईल. (राग नको. गेटपासच्या खोलीत मुलगा फक्त ब्राउझर वापरतो, तिथे मिंट, लिनक्सचाच एक प्रकार, टाकायचं माझ्या मनात आहेच.)

---

कुडाळचो_कळफलक
१८ नोव्हेंबर, दुपारी १.१५

हिशेबनीसानू, माका तुमचो म्हातारो आवडलो. पण आधी दुसरां सांगतंय, कारण ह्यां कोणी सांगूचा नाय.

मी वीस वर्षं सिंधुदुर्गात मशीन उघडतोय. पुण्याचा माणूस सॉफ्टवेअर बघतो, इथे आधी झाकण काढायचं. खाऱ्या वाऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्याखाली पांढरी भुकटी जमते, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडतात. आणि सगळ्यात म्हणजे मदरबोर्डवरचा तो गोल सेल, सीआर-२०३२. तो मेला की लाइट गेल्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, आपलं सगळं विसरतं. तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते, मग बँकेची साइट सुरक्षित नाही म्हणते आणि लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात. काही बोर्डांवर टीपीएम मुळात बंदच येतं. तुम्ही चालू केलेलं असतं, सेल मेला की परत बंद. आता विचार करा, त्या मशीनवर बिटलॉकर लावलंय आणि आमच्याकडे जूनमध्ये लाइट दिवसात किती वेळा जाते. रोज सकाळी रिकव्हरीची किल्ली मागत बसेल. म्हणून अपग्रेडच्या आधी प्रत्येक डेस्कटॉपचा सेल बदला. पन्नास रुपयांच्या आतली वस्तू आहे.

दुसरं. २०१७ च्या त्या मशीनांवर विंडोज जुन्या पद्धतीने घातलेलं असणार, म्हणजे डिस्कची मांडणी जुनी, एमबीआर. विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आणि डिस्कची नवी मांडणी, जीपीटी, लागते. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही, एमबीआर-टू-जीपीटी नावाचं हत्यार विंडोज १० मध्येच आहे. आधी त्याचं तपासणीचं चालवा, हो म्हणालं तरच पुढे जा. बॅकअप घेऊन!

सातवी पिढी विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत नाही, पण रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना ती तपासणी वगळता येते. मी दहाबारा मशीनवर केलंय, पळतायत. तुमची चारही तशीच करा, ६१ डॉलर कित्याक घालवतास?

आता म्हातारा. विंडोज ११ फक्त ६४ बिटीत येतं आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही. सरळ तरी नाहीच. डॉसबॉक्स-एक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, फॉक्सप्रो चालतो, मी चालवलाय, पण एकाच वेळी दोन मशीनवरून तीच फाइल उघडणार असाल तर कुलूप-किल्ल्यांची नीट परीक्षा घ्या. त्याच्या .डीबीएफ फायली लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात. एक प्रत काढून बघा, सत्तावीस वर्षांचे पैसे रांगेत उभे दिसतील. तवसर म्हाताऱ्याची नेटवर्कची तार काढा आणि त्याका सुखान जगू द्या.

---

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)
१८ नोव्हेंबर, रात्री १०.४५

कुडाळकरांशी एका बाबतीत माझं जमणार नाही. चोरवाटेने घातलेलं विंडोज ११ पळतं हे खरं, पण अशा मशीनला पुढची ठिगळं मिळतीलच याची हमी बनवणाऱ्यांनी दिलेली नाही. घरी खेळायला ठीक आहे. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात, डिजिटल सही लागते, ते ऐन एप्रिलमध्ये अडलं तर हिशेबनीस कोणाकडे जाणार? वर्षाचे ६१ डॉलर म्हणजे साडेपाच हजारांच्या आत. चार मशीनचे मिळून बावीस हजार धरा. तेवढ्यात वर्षभराची उसंत मिळते आणि पुढचा सीझन संपल्यावर मशीन बदलता येतात.

आता माझं. मी एका सीएच्या ऑफिसात आहे. आम्ही ‘कुठूनही काम’ शिकलो ते कोणत्या परिसंवादात नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता, आणि त्याची बॅकअपची डिस्क त्याच खोलीत, खालच्या कप्प्यात. दोन्ही दोन दिवस चिखलात. वाचलं ते एका मुलीच्या लॅपटॉपवरचं, कारण ती आदल्या दिवशी घरी घेऊन गेली होती आणि तिचं घर उंचावर. पुढचे तीन महिने ऑफिस म्हणजे माझ्या भावाचा पुण्यातला हॉल, चार लॅपटॉप आणि एक सतरंजी.

म्हणून सांगते, कुलूप लावताना किल्ली आणि प्रत दोन्हीचा विचार करा. बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली ४८ आकडी असते. ती त्याच लॅपटॉपवर साठवून उपयोग नाही, आणि फक्त ऑफिसच्या कपाटातही नको. आम्ही छापून एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे, एक सरांच्या घरी. बॅकअपची एक डिस्क दर शनिवारी ऑफिसबाहेर जाते. लॅपटॉप चोरीला जाईल याची मला भीती वाटते त्याहून तो बंद पडेल याची जास्त वाटते, आणि कुलूपबंद डिस्क बिघडली तर कणकवलीचा मित्रही काही करू शकणार नाही.

दुसरं, मला तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली. पासबुकांचे आणि आधारचे फोटो लॅपटॉपवर आले कुठून?

---

खळ्यावरचा_हिशेबनीस
१८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

व्हॉट्सअ‍ॅपवरून. मुलं मांगरात बसून आपल्या फोनने काढतात, ग्रुपवर टाकतात, मग लॅपटॉपवर उतरवून घेतात.

लिहिता लिहिता लक्षात आलं. म्हणजे ते पाचही जणांच्या खाजगी फोनच्या गॅलरीत आहेत, लेकरांच्या बारशाच्या फोटोंशेजारी. ग्रुपमध्ये गेल्या वर्षी सोडून गेलेला एक मुलगा अजून आहे.

---

वाशिष्ठीकाठी
१९ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

तेच म्हणत होते. तुमचे बाहेर फिरणारे लॅपटॉप पाच नाहीत, फिरणारी मशीन दहा आहेत.

अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं. फोन त्याचाच, पण कामाची अ‍ॅपं वेगळ्या कप्प्यात. त्यांच्यावर ब्रीफकेसची खूण दिसते. माणूस सोडून गेला की तो कप्पा इथून पुसता येतो, त्याच्या घरच्या फोटोंना धक्का लागत नाही. त्यासाठी उपकरणं सांभाळणारी एखादी सेवा घ्यावी लागते, माणशी महिन्याचे पैसे असतात. ते जमत नसेल तर निदान ग्रुपवर कागद टाकणं थांबवा. पेढीच्या खात्यावर एक फॉर्म करा, फोटो थेट तिथे जाऊ दे. आणि ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झालेत, त्यावरून ते काम नको.

२०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्याचे नियम गेल्याच आठवड्यात आले. टप्प्याटप्प्याने लागू होतील, पण माहितीची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या अण्णांना हा आकडा सांगून बघा, कदाचित दोन लाखांचे अडीच होतील.

---

मिरकरवाडा_पहाटे_४
१९ नोव्हेंबर, पहाटे नव्हे, दुपारी ३.३०

मी मासळीच्या धंद्यात आहे, ऑफिसात नाही, धक्क्यावर. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यातला. दोन गोष्टी.

आमच्याकडे गेल्या वर्षी सगळ्यांना बिटलॉकर लावलं. एका पहाटे लिलावाच्या वेळी लॅपटॉप उघडला तर निळा पडदा, रिकव्हरी किल्ली द्या. आदल्या रात्री बायोसचं अपडेट आपोआप झालं होतं. किल्ली ऑफिसच्या तिजोरीत, तिजोरीची चावी मॅनेजरकडे, मॅनेजर झोपलेला. शेवटी त्याच्या बायकोने फोनवर वाचून दाखवली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पाचव्या गटात तिने ‘एकोणसाठ’ म्हटलं, मी एकोणसत्तर ऐकलं. बोंबिलवाल्या बायका आजूबाजूला ओरडतायत. तेव्हा बायोस अपडेट करायचं असेल तर आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा, आणि सीझनमध्ये ते अपडेट नकोच. आणि किल्ली वाचून दाखवणाऱ्याला सांगून ठेवा, एकेक आकडा सुटा वाचायचा.

दुसरं, ओटीपी. तुमच्या मुलांना व्हीपीएन किंवा मेलसाठी एसएमएसचा ओटीपी लावलात तर ती दोन दिवसांत वैतागतील. बागेत रेंज सड्यावर चढल्याशिवाय येत नाही, ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपते. मग काय होतं ते मी केलंय म्हणून सांगतो: सगळे एकाच माणसाचं लॉगिन वापरतात आणि कागद परत व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. त्याऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप द्या. त्यातला सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. आणि लागणाऱ्या फायली लॅपटॉपवर कायम उतरवलेल्या ठेवा. कुलूप आहे ना आता, मग भीती कसली. रेंज आली की आपोआप जुळतील.

---

खळ्यावरचा_हिशेबनीस
११ जानेवारी २०२६, रात्री ८.३०

मंडळी, उशिरा लिहितोय. तुम्ही सांगितलेलं बरंचसं झालं, काही फसलं.

लॅपटॉप आधी घेतले. पाच वेळा तीच फाइल उतरवण्याइतकं आमचं नेट नाही, म्हणून एकदाच उतरवून पेनड्राइव्ह केला. दोन होम प्रो केले. पाचही विंडोज ११ वर आले, एका रविवारी तीन, पुढच्या रविवारी दोन. बिटलॉकर लावलं. कणकवलीचा मित्र मुद्दाम बोलावला, एकाची डिस्क काढून त्याच डबीत घालायला लावली. त्याच्या पडद्यावर ४८ आकड्यांची चौकट आली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘ह्या वेळेक भिंत पक्की बांधलास.’’ चहा मी पाजला.

किल्ल्या तीन प्रतींत. एक बँकेत, एक माझ्या घरी, एक अण्णांकडे. अण्णांनी त्यांची प्रत कालनिर्णयाच्या मागे अडकवली होती, भिंतीवर, खळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. ती काढून देवघराच्या खणात ठेवली.

फसलं ते मराठी टायपिंगच्या जुन्या पॅकेजचं. दहाव्या पिढीचे तीन डेस्कटॉप ११ वर नेले, त्यातल्या एकावर त्या पॅकेजचा डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) होता. डोंगल लावला तरी ओळखेना. अर्धा दिवस गेला. कारण निघालं मेमरी इंटेग्रिटी: विंडोज ११ मधली ही राखण चालू असली की जुने ड्रायव्हर आत घेत नाही. राखण बंद केली तर डोंगल चालतो. मी बंद नाही केली. पॅकेज सातव्या पिढीच्या एका मशीनवर हलवलं आणि बिलं टाइप करणाऱ्या ताईंना युनिकोड शिकवायला घेतलं. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आतच आहे. त्या पहिले चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता व्हॉट्सअ‍ॅपवरही मराठीत लिहितात, लांबलचक.

चौथ्या पिढीचे तीन काढले. दोन नवे घेतले, तिसऱ्याच्या जागी गेटपासच्या मुलाला सातव्या पिढीतलं एक दिलं, त्यावर मिंट. तात्पुरते सभासद, तुमचा एक पॉइंट. उरलेल्या तीन सातव्या पिढीवाल्यांची वर्षाची मुदतवाढ अधिकृत विक्रेत्याकडून घेतली. कुडाळकर, रूफसचा मोह झाला होता, पण सहीचा टोकन त्यातल्याच एकावर आहे, आणि चिपळूणच्या ताई बरोबर आहेत, एप्रिलमध्ये मी कोणाकडे जाणार. एकूण एक लाख सत्तर हजारांच्या आत बसलं, राउटरसकट. २५० कोटींचा आकडा अण्णांना सांगितला होता. ते म्हणाले, ‘‘तेवढे असते तर आंबे विकले असते काय?’’

वहिनींचं वायरगार्ड चालतंय. पोर्ट बंद केल्यावर त्यांचा फोन आलाच होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

वर्क प्रोफाइलचं अजून केलेलं नाही. महिन्याचे पैसे म्हटल्यावर अण्णा गप्प झाले. तूर्त फॉर्म केलाय, जुना ग्रुप मोडला, आणि पाचही जणांच्या गॅलऱ्या समोर बसवून साफ करून घेतल्या. एकाच्या फोनला दोन वर्षांत अपडेट नाही. त्याला पेढीतर्फे साधा नवा फोन द्यायचा की नाही यावर मार्चपर्यंत मी अण्णांच्या मागे लागणार आहे. ऑथेंटिकेटर मुलांना आवडलं. सड्यावर चढावं लागत नाही म्हणून.

म्हाताऱ्याची तार काढली. त्याच्या फायली कॅल्कमध्ये उघडल्या तेव्हा १९९९ सालची माझ्या वडिलांची उचल दिसली, तीनशे रुपये, फेडल्याची नोंद नाही. अण्णांना दाखवली नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये प्रोग्राम चालतो, पण पट्टी छापताना ओळी एका बोटाने खाली सरकतात. या सीझनला छपाई म्हाताऱ्यावरच होईल.

आणि कुडाळकर, डेस्कटॉपांचे सेल अजून बदलायचे राहिलेत. इथल्या दुकानात फक्त घड्याळाचे मिळतात. पंचवीस तारखेला मांगराच्या पूजेला येणार म्हणालात, तर येताना दहा घेऊन या.